फोटो कुणाचा? : खासगी छायाचित्रणाच्या तयारीविषयी

(पन्हाळा येथे झालेल्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरातील भाषणाचा मजकूर. वक्त्या कोल्हापुरात छायाचित्रणाचा व्यवसाय करतात.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या विषयासमोर 'बूद्वार छायाचित्रण' असे शब्द छापले आहेत. 'बूद्वार' हा फ्रेंच शब्द आहे. बाईची स्वतःची खासगी खोली असा त्याचा अर्थ. शब्दाचे मूळ रुसण्याशी जोडलेले आहे, म्हणजे रुसून बसायची खोली. आपल्याला हे ऐकून नवल वाटायला नको. आपल्याकडे कैकेयीचे कोपभवन होतेच. फरक एवढाच की ते राणीला मिळाले. आपल्यातल्या बहुतेकींना रुसायचे झाले तर चुलीपुढे किंवा मोरीत रुसावे लागते, दाराला आतून कडी लावता येईल अशी जागाच नसते.

तर अशा खासगी खोलीत, अंगावर नेहमीपेक्षा कमी किंवा सैल कपडे असताना, बाईने स्वतःसाठी काढून घेतलेले फोटो म्हणजे बूद्वार छायाचित्रण. हे फोटो भिंतीवर लावायचे नसतात, छापायचेही नसतात. परदेशात हा धंदा लग्नाच्या फोटोग्राफीला जोडून वाढला. आपल्याकडेही तो त्याच वाटेने येतो आहे. पन्हाळ्यावर तर तुम्ही पाहताच, तीन दरवाजापासून सज्जा कोठीपर्यंत लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी भेटतात. त्यातल्याच काहीजणी नंतर हळूच विचारतात, "मॅडम, फक्त माझे, खोलीतले, काढाल का?"

एका कार्यकर्तीने मला काल विचारले, "हे आपल्या चळवळीचे काम आहे का? आपण अश्लील जाहिरातींना डांबर फासले, स्त्रियांच्या अशिष्ट रूपणाविरुद्ध १९८६ साली कायदा झाला, आणि आता आपणच असे फोटो काढायची तयारी शिकवायची?" मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. म्हणून थोडे मागे जाऊ या.

आपल्या घरांतले बायकांचे जुने फोटो आठवा. ते कुणी, कुणासाठी काढले? मुलगी उपवर झाली की तिला स्टुडिओत नेत. काठपदराची साडी, मागे रंगवलेला पडदा, शेजारी फुलदाणी. तो फोटो पाकिटात घालून गावोगाव फिरे. पसंत पडला नाही तर कधी परत येई, कधी येतही नसे. कुठल्या परक्या घरात तो राहिला हे त्या मुलीला कधीच कळत नसे. म्हणजे बाईचा फोटो परक्याच्या हाती जाणे ही आजची गोष्ट नाही. खानदानी घरांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. फक्त तिची इच्छा कुणी विचारली नाही.

आता या कोल्हापूरचेच पाहा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० साली 'सैरंध्री' केला, तेव्हा त्यात बायकांच्या भूमिका बायकांनी केल्या. त्या काळी पडद्यावर येणारी बाई म्हणजे वाया गेलेली बाई असेच समजत. पुढे १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनाखाली 'ब्रह्मचारी' काढला. कथा आचार्य अत्र्यांची. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात गाणे म्हणताना दिसल्या आणि गहजब झाला. चित्रपट मात्र धो धो चालला. ज्यांनी नावे ठेवली त्यांनीही तो पाहिला असणार. मीनाक्षीबाईंनी पुढेही वर्षानुवर्षे सिनेमात आणि रंगभूमीवर काम केले, पण लोकांच्या तोंडी त्यांचे नाव आले की तो पोशाख येतोच.

१९९५ साली मधू सप्रे आणि मिलिंद सोमण यांची बुटांची जाहिरात आली. अंगावर फक्त बूट आणि एक अजगर. मुंबईत खटला भरला गेला. तो जवळजवळ चौदा वर्षे चालला आणि २००९ साली सगळे निर्दोष सुटले. चौदा वर्षे तारखा! आणि २०१७ साली रवी जाधवांचा 'न्यूड' हा मराठी चित्रपट गोव्याच्या महोत्सवातून ऐनवेळी काढून टाकला गेला. तो पुढे २०१८ साली प्रदर्शित झाला. त्याचा विषय होता मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात विद्यार्थ्यांपुढे निर्वस्त्र बसून घर चालवणारी बाई. चित्रकाराचे नाव होते, चित्राला किंमत येते, आणि बसणाऱ्या बाईला आपण काय काम करतो ते शेजारणीपासून लपवावे लागते.

दुसऱ्या बाजूला जळगाव आहे. १९९४ साली ते प्रकरण बाहेर आले तेव्हा आपल्यापैकी अनेकजणी रस्त्यावर उतरल्या होत्या. मुलींचे फोटो काढायचे, आणि ते घरी दाखवू म्हणून धमकावून त्यांना पुन्हा पुन्हा वापरायचे. त्यात कॅमेरा हे हत्यार होते, पण त्या हत्याराला धार होती ती लोकलज्जेची. फोटो बाहेर आला तर काढणाऱ्याचे काही बिघडत नाही, मुलीचे आयुष्य संपते, ही समाजाने दिलेली हमी त्या गुंडांच्या पाठीशी होती.

म्हणून माझे म्हणणे असे की अंगावर कपडे किती हा आपला प्रश्न नाही. फोटो कुणाच्या इच्छेने निघाला, आणि तो कुणाच्या ताब्यात राहिला, हा आपला प्रश्न आहे. डांबर फासले ते बाईचे शरीर विकणाऱ्या जाहिरातीला. बाईच्या शरीराला नव्हे.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांबद्दल थोडे सांगते. नावे अर्थातच सांगणार नाही. एक बावन्न वर्षांच्या बाई आल्या. कर्करोगामुळे त्यांचा एक स्तन काढला होता. त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, मी आरशासमोर कपडे बदलत नाही. मी कशी दिसतो ते मला एकदा नीट बघायचंय." आमच्या कोल्हापूरकडे बाई 'दिसतो'च म्हणते. त्यांचे फोटो काढताना मी व्रण झाकला नाही, त्यांनीही झाकायला सांगितले नाही. फोटो पाहून त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "वाटलं होतं त्यापेक्षा बरीच बरी आहे की मी."

दुसरी तेवीस वर्षांची, लग्न ठरलेले. होणाऱ्या नवऱ्याने सांगितले होते की असे फोटो काढून पाठव. ती माझ्यासमोर बसली, पण सगळे बोलत होता तिच्या हातातला फोन. दर दोन मिनिटांनी त्याचा निरोप. मी तिला चहा दिला आणि विचारले, "तो नसता तर तू आली असतीस का?" ती नाही म्हणाली. मी फोटो काढले नाहीत. मी आगाऊ पैसे घेतलेच नव्हते, त्यामुळे परत करण्याचाही प्रश्न आला नाही. तिने घरी काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण स्टुडिओत विजेचा बिघाड होता असे सांगायला मी तिला सुचवले होते. कधी कधी बाईला 'नाही' म्हणायला एखादे निमित्त पुरवणे हीसुद्धा मदतच असते.

या दोघींमुळे मी तयारीचा क्रम ठरवला. कपडे, केस, प्रकाश हे सगळे नंतर. आधी भेट. त्या भेटीला कॅमेरा बाहेर काढायचा नाही. विचारायचे चार प्रश्न : हे कुणाला हवे आहे? कोण बघणार? कुठे ठेवणार? आणि उद्या त्या माणसाशी संबंध बिघडले तर? चौथ्या प्रश्नावर पुष्कळजणी हसतात. पण आपल्या केंद्रांवर येणाऱ्या तक्रारी पाहिल्या तर फोटो पसरवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो, एके काळी जवळचा असलेला. अठरा वर्षांखालील मुलीचे असे फोटो कुणीही काढायचे नाहीत, आईवडिलांची परवानगी असली तरी नाही. तिथे २०१२ चा पोक्सो कायदा आहे आणि तिथे संमतीला अर्थ नाही.

इच्छा तिची आहे असे पक्के झाले की मग बाकीची तयारी. त्यातल्या काही गोष्टी अगदी साध्या आहेत. फोटोच्या दिवशी सकाळपासून घट्ट नाडी, घट्ट इलॅस्टिक घालू नये, कमरेवरचे वळ तासन्‌तास जात नाहीत. आदल्या दिवशी नवीन क्रीम, नवीन साबण लावून बघू नये, पुरळ उठले तर पंचाईत. केस काढायचे असतील तर दोन दिवस आधी काढावेत. नसतील काढायचे तर मुळीच काढू नयेत, माझ्या कॅमेऱ्याला त्यांचा त्रास होत नाही. बारीक दिसायचे म्हणून उपाशी राहून येऊ नये. चक्कर येते, चेहरा ओढलेला दिसतो, आणि दोन तास वेगवेगळ्या बैठकीत बसणे हे अंगमेहनतीचे काम आहे. भाकरी खाऊन या.

कपडे बाजारातून लेस लावलेलेच आणावेत असे कुणी सांगितले? आईची नऊवारी, मऊ झालेले जुने लुगडे, नुसता परकर, नवऱ्याचा किंवा स्वतःचा सदरा. आपल्या अंगाला ज्याची सवय आहे त्यात शरीर सैल होते. उसना कपडा घातलेली बाई फोटोत कायम पाहुणी दिसते.

प्रकाशाचे म्हणाल तर खिडकी पुरते. पन्हाळ्याच्या पावसाळ्यात धुके खोलीपर्यंत येते, तेव्हाचा उजेड इतका मऊ असतो की वेगळे दिवे लावावे लागत नाहीत. उजेड समोरून आला तर पोटावरच्या बाळंतपणाच्या रेषा पुसट होतात, बाजूने आला तर स्पष्ट दिसतात. हे बाईला आधी सांगायचे आणि तिने निवडायचे. फोटो नंतर संगणकावर गुळगुळीत करायचा की नाही, हेही तिनेच. मी स्वतःहून कुणाचे पोट कमी करीत नाही.

मात्र असे फोटो गडाच्या तटबंदीवर, अंधारबावीपाशी वगैरे काढू नका. हे संरक्षित स्मारक आहे. २०२५ साली युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत पन्हाळा आहे. व्यावसायिक चित्रणाला परवानगी लागते, आणि गर्दीत खासगीपणा राहतच नाही.

लॉजची किंवा हॉटेलची खोली घेतली तर ती आधी तपासावी. दिवे मालवून मोबाईलच्या विजेरीने पंखा, धुराचा गजर, घड्याळ, आरसा, सॉकेट यांवर उजेड टाकावा. छुपे भिंग असेल तर चमकते. शंका आली तर खोली बदलावी. सोबत एक मैत्रीण असावी. खोलीत फोटोग्राफरखेरीज कोण असणार, मदतनीस पुरुष आहे का, हे आधी ठरवून घ्यावे. बाईच फोटोग्राफर असली तर बरे, पण बाई आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नये, माझ्यावरही नाही.

आणि तयारीतला सर्वांत कठीण भाग म्हणजे 'थांबा' म्हणण्याची सवय. आपल्याला लहानपणापासून 'नीट बस', 'हात खाली घे' एवढेच ऐकायची सवय लावलेली असते. म्हणून मी सुरुवातीला पूर्ण कपड्यांत पाच मिनिटे फोटो काढते आणि त्यात तीनदा 'थांबा' म्हणायला लावते. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. तिसऱ्यांदा फुटतो. मगच पुढे जायचे. मध्येच मन बदलले तर तिथेच थांबायचे, काढलेले फोटो तिच्या हाती द्यायचे, आणि कारण विचारायचे नाही.

आता ताब्याचा प्रश्न. इथे मी जरा सावकाश सांगते.

पूर्वी निगेटिव्ह मागून घेतली की काम भागत असे. आता तसे नाही. कार्डावरून फोटो पुसला म्हणजे तो गेला असे होत नाही. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो परत काढता येतो. म्हणून बाईने स्वतः नवीन मेमरी कार्ड विकत आणावे, तेच कॅमेऱ्यात घालायला लावावे आणि काम संपल्यावर स्वतःच्या पिशवीतून घरी न्यावे. फोटोंवर पुढे काम करायचे असेल तर तिच्यासमोर बसून करावे. ते मोबाईलवर घेऊ नयेत, कारण पुष्कळ मोबाईल फोटोंची प्रत आपोआप इंटरनेटवर चढवतात, आणि घरातल्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर तेच खाते चालू असले तर तिथे ते दिसतात. मोबाईल दुरुस्तीला देतानाही हेच लक्षात ठेवावे. ओळख नको असेल तर चेहरा टाळावा. पण चेहरा टाळला तरी गोंदण, मंगळसूत्र, अंगावरचा तीळ, भिंतीवरचे कॅलेंडर ओळख सांगतात.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १७ सांगते की एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला देऊन फोटो काढला असेल तर उलट करार नसल्यास त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक तो काढवून घेणारा. म्हणजे पैसे देऊन तुम्ही काढवून घेतला तर हक्क तुमचा, फोटोग्राफरचा नाही. पण यात दोन खाचखळगे आहेत. एक, 'उलट करार नसल्यास'. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'हे फोटो जाहिरातीसाठी वापरता येतील' असे छापलेले असू शकते. ते वाचा आणि खोडून दोघांनी सही करा. दुसरा, काम सांगणारा आणि पैसे देणारा नवरा असेल तर तो म्हणू शकतो की मालक मी. म्हणून आपल्या फोटोचे काम आपण सांगावे, पैसे आपण द्यावेत, पावती आपल्या नावाची घ्यावी. सातबारावर नाव लावण्यासाठी आपण इतकी वर्षे झगडतो आहोत, तसेच हे.

दुसरे कलम त्याहून महत्त्वाचे. दिल्लीच्या घटनेनंतर २०१३ साली दंडसंहितेत ३५४ क हे कलम आले. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून आहे. त्यात स्पष्ट लिहिले आहे की बाईने फोटो काढायला संमती दिली असेल पण तो इतरांना दाखवायला दिली नसेल, तर तो पसरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे शिक्षा. "तूच काढू दिलास ना, मग आता कशाला तक्रार?" असे ठाण्यावर कुणी विचारले तर हे कलम पुढे करा. या गुन्ह्याची तक्रार महिला पोलिसानेच नोंदवून घ्यायची असते. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ई आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते.

फोटो इंटरनेटवर आला तर रडत बसून पुसून टाकायची घाई करू नका. आधी पुरावा घ्या : पडद्याचे चित्र, पत्ता, तारीख, वेळ, पाठवणाऱ्याचा नंबर. मग त्या कंपनीकडे तक्रार. अशी चित्रे ठरावीक तासांत काढून टाकण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनी कंपन्यांवर घातले. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक सोयही २०२१ पासून आहे. तीत आपला फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा एक आकड्यांचा ठसा तयार होतो आणि सामील कंपन्या तो ठसा ओळखून फोटो अडवतात.

काहीजणी म्हणतील, एवढी भीती असेल तर काढूच नयेत ना फोटो. हा सल्ला मुलींना घरोघरी मिळतो. पण आता कृत्रिम बुद्धिमत्तेने साडीतल्या फोटोवरून नागडा फोटो बनवता येतो. ज्या मुलीने आयुष्यात कधी असा फोटो काढला नाही, तिचाही निघतो. शाळेच्या स्नेहसंमेलनातला फोटो त्याला पुरतो. मग तिला काय सांगणार, चेहराच दाखवू नकोस? आपण मागे मागे सरकत गेलो तर शेवटी उंबऱ्याच्या आतच जाऊन पोचू. तेव्हा लाज जिच्या पदरात घातली जाते तिच्याकडून ती काढून पसरवणाऱ्याच्या पदरात घालणे, हे जळगावच्या वेळी सुरू केलेले काम अजून पुरे व्हायचे आहे.

मी या व्यवसायाची भलामण करायला आलेले नाही. हा धंदा आहे, आणि 'नवऱ्याला आगळी भेट द्या' असे म्हणून तो विकलाही जातो. 'स्वतःवर प्रेम करा' म्हणत हजारोंचे पॅकेज गळ्यात मारणारेही आहेत. असा फोटो काढला म्हणजे बाई मुक्त झाली असे मी म्हणणार नाही, आणि नाही काढला म्हणून ती मागासही ठरत नाही. पण जिला काढायचा आहे तिने तो चोरून, घाबरत, अनोळखी माणसाच्या भरवशावर काढू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

त्यासाठी दोन कामे सुचवते. पहिले, एक पानाचा मराठी करारनामा आपण इथेच तयार करू. त्यात ठळक अक्षरांत असावे : फोटोंचा हक्क बाईचा, कार्ड तिच्याकडे, फोटोग्राफर प्रत ठेवणार नाही, कुठेही दाखवणार नाही, ती म्हणेल तेव्हा काम थांबेल, खोलीत कोण कोण होते त्यांची नावे आणि सह्या. प्रत्येक केंद्रावर त्याच्या प्रती ठेवाव्यात आणि आपापल्या गावच्या स्टुडिओवाल्यांनाही नेऊन द्याव्यात. लग्नाच्या फोटोंनासुद्धा तो चालेल. दुसरे, केंद्रावर फोटोची तक्रार घेऊन आलेल्या मुलीला पहिला प्रश्न 'काढलासच का?' हा विचारायचा नाही, असे आपण सगळ्याजणी मिळून ठरवू. त्याऐवजी विचारायचे, 'कुणाकडे आहे तो आता?'

दुपारच्या सत्रात करारनाम्याचा मसुदा घेऊन बसू. ज्यांना लिहायला येत नाही त्यांनी बोलावे, मी लिहून घेईन.